उन्हाची सवय

"पंप धुतला होतास का, रवळू?"

मोकाशीसाहेबांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं आणि रवळूमामांनी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"धुतलाय साहेब. वड्यावर नेऊन तीनदा धुतलाय."

"मग हे काय आहे?"

आम्ही तिघं पूर्वेकडच्या वाफ्यापाशी उभे होतो. वाफ्यातली नागचाफ्याची रोपं पांढरी पडली होती. पाणी कमी पडलं की पानं पिवळी होतात, तसं हे नव्हतं. कुणी चुन्याचा हात फिरवावा तशी वरची पानं पांढरट झाली होती, आणि मधेमधे तपकिरी डाग उमटायला लागले होते. शेजारच्या, पाण्याच्या टाकीकडच्या वाफ्यातली रोपं मात्र हिरवीगार होती. दोन्ही वाफ्यांवर सावलीसाठी तीच हिरवी जाळी होती, दोन्हींना तेच पाणी होतं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. आजरा आणि चंदगडच्या मधे कोळिंदेवाडी नावाचं गाव आहे, तिथे एका लहानशा संस्थेची रोपवाटिका होती. मी तेवीस वर्षांची होते, कोल्हापुरात बी.एस्सी. करून नुकतीच तिथे लागले होते. वनस्पतिशास्त्रात पहिली आलेली, त्यामुळे झाडांचं आपल्याला बरंच कळतं अशी समजूत होती. मोकाशीसाहेब आमचे प्रमुख. वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला तुटक, पण झाडाच्या बाबतीत जीव टाकणारे. आणि रवळू गावडे, म्हणजे रवळूमामा, रोपांना पाणी घालायचे, तण काढायचे, फवारणी करायचे. पंचावन्नच्या आसपासचे असतील. गावच्या भावकाईदेवीच्या राईत दर अमावास्येला दिवा लावण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता.

ती रोपंही त्याच राईची होती. राईत नागचाफ्याचं एकच झाड होतं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. आदल्या श्रावणात वादळात ते मुळासकट उन्मळून पडलं. पडलं तेव्हा फळांनी भरलेलं होतं. अख्खं गाव पावसात ती फळं वेचायला गेलं होतं असं मामा सांगायचे. बायकांनी ओच्यात भरभरून बी आणून दिलं. त्यातून चारशे बारा रोपं उगवली. त्या झाडाचा तेवढाच वंश शिल्लक होता, आणि पुढच्या पावसाळ्यात तो राईत परत लावायचा असं साहेबांनी गावाला वचन दिलं होतं.

त्यातल्या एकशे नव्वद रोपांची ही अवस्था झाली होती.

"भाचीच्या लग्नाला जायच्या आधी कुंपणाकडचं गाजरगवत मारलंस ना तू? तणनाशक कुठल्या पंपानं मारलंस?"

"ह्याच."

"आणि परवा रविवारी आल्यावर गोमूत्राचं पाणी कुठल्या पंपानं फवारलंस?"

"ह्याच साहेब. पर धुऊन."

"आणि पहिली टाकी कुठल्या वाफ्यावर संपवलीस?"

मामांनी पंपाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "पूर्वेकडच्या."

"म्हणजे तळाला राहिलेलं सगळं इथं आलं. दुसऱ्या टाकीला पंप साफ झाला, म्हणून तो वाफा वाचला." साहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले. "रविवारी देवळात गाव जमेल तेव्हा मला सांगावं लागेल. तोपर्यंत तू आत येऊ नकोस, रवळू."

मामांनी पंप शेडमध्ये नेऊन ठेवला, टोपी काढून झटकली, आणि मागे न बघता फाटकाबाहेर गेले.

साहेबांचा तर्क चुकीचा होता असं मला त्या वेळी वाटलं नाही. खरं तर पटलाच. तरी एक गोष्ट खटकत होती, आणि ती खटकली म्हणून पुढचं सगळं झालं. नागचाफ्याची कोवळी पालवी लाल असते. अगदी कुंकवासारखी, मऊ, खाली लोंबणारी. ह्या पांढऱ्या पडलेल्या रोपांच्या शेंड्यावरची ती लाल पानं जशीच्या तशी होती. मेली होती ती त्यांच्या खालची, मोठी, पुरी वाढलेली पानं. ज्याला जगायचा सराव आहे ते मेलं, आणि कालचं पोर जगलं, हे कसं?

बुधवारी दुपारी मी एक पांढरं पान आणि एक लाल पान घेऊन कुंपणापाशी उभी होते, उजेडात धरून बघत होते. पलीकडे ओढ्याच्या काठाला मामांची म्हैस चरत होती आणि मामा करवंदीच्या झुडपाच्या सावलीला बसले होते. घरी बसवत नव्हतं बहुतेक.

"मामा," मी हाक मारली, "तणनाशक आधी कुठं लागतं हो? पानाला का शेंड्याला?"

ते उठून आले. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे ते.

"शेंडा आधी जातोय बाई. त्ये पानातनं आत शिरतंय आनि कोंब जाळतंय. गाजरगवत बघा, आधी शेंडा मान टाकतोय, मग खालचं."

"मग इथं शेंडा जिवंत कसा?"

मी दोन्ही पानं तारेतून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाहीत, नुसती वाकून बघितली.

"हेच मला सायबाला सांगायचं हुतं," ते म्हणाले. "पर मी सांगून कोन ऐकतंय. सोताला वाचवायला बोलतोय म्हनतील."

मी आत जाऊन अख्खं रोप घेऊन आले. पिशवी कुंपणाच्या दगडावर ठेवली आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकून त्याच्याकडे बघायला लागलो. नागचाफ्याची पानं भाल्याच्या पात्यासारखी, लांब आणि टोकदार. वरच्या पानांची जोडी खालच्या जोडीवर थोडी झुकलेली असते. पहिल्यांदा मामांनीच बोट दाखवलं.

"हितं बगा. खालच्या पानावर हिरवं ऱ्हायलंय."

खरंच. पांढऱ्या पडलेल्या खालच्या पानावर एक हिरवा आकार होता. टोकदार, लांबट. वरच्या पानाचाच छाप. वरच्या पानानं जेवढं झाकलं होतं, तेवढंच वाचलं होतं.

"म्हणजे जे आलं ते वरून आलं," मी म्हणाले.

"वरनंच. पर फवारा बी वरनंच येतोय की."

ते माझ्याच निष्कर्षातली खोट काढत होते, आणि तोही स्वतःच्या विरोधात. मला आश्चर्य वाटलं. मी धावत जाऊन आणखी पाच-सहा रोपं आणली, मग वाफ्यातच जाऊन बसले आणि एकेक पान उलटंपालटं करून बघायला लागले. मामा कुंपणापलीकडून विचारत होते, "काय दिसतंय? सांगा की."

दिसलं ते असं. हिरवा छाप वरच्या पानाच्या अगदी खाली नव्हता. थोडा बाजूला सरकलेला होता. एका रोपात नव्हे, सगळ्यांत. आणि सगळ्यांत एकाच बाजूला.

"कुठल्या बाजूला?" मामांनी विचारलं.

मी मान वर करून बघितलं. "राईच्या बाजूला. उत्तरेला."

मामांनी हवेत हात फिरवून फवारा मारल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मी फवारा मारताना वाफ्याच्या भवतीनं फिरतो. चारी अंगानं मारतो. माझ्या फवाऱ्यानं सगळे छाप एकाच अंगाला सरकायचे न्हाईत."

"मग?"

"माघ चाललाय. सूर्य अजून दक्षिणेलाच हाय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हशीकडे वळले. "सावली उत्तरेलाच पडणार."

मी वाफ्यात उकिडवी बसले होते ती तशीच राहिले.

आता इथे मला एक सांगायला हवं. साहेब त्याच्या आदल्या आठवड्यात बेळगावला गेले होते, त्यांच्या पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मामा भाचीच्या लग्नाला नेसरीला गेले होते. चार दिवस रोपवाटिका एकट्या माझ्या ताब्यात होती. जानेवारीत मी साहेबांना म्हटलं होतं, रोपं फार हळू वाढतायत, जाळी काढून ऊन देऊया का? साहेब म्हणाले होते, "जाळीला हात लावायचा नाही." का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांची तशी पद्धतच नव्हती. मला ते अडाणीपणाचं वाटलं. ऊन म्हणजे झाडाचं अन्न हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. भुकेल्यापुढचं जेवण आपण झाकून ठेवतो का? म्हणून त्या चार दिवसांत मी पूर्वेकडच्या वाफ्यावरची जाळी गुंडाळून वर बांधली. साहेब आले की दोन वाफ्यांतला फरक दाखवायचा आणि त्यांना गप्प करायचं, असा बेत होता. चौथ्या दिवशी रोपं काही वाढलेली दिसेनात, उलट जरा मलूल वाटली. तेव्हा मी जाळी पुन्हा खाली ओढली आणि कुणाला काही बोलले नाही.

पानं पांढरी पडल्यावर मला हे आठवलं नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. आठवलं होतं. पण ऊन झाडाला मारत नाही, एवढं शास्त्र मला येत होतं, आणि त्या शास्त्राला मी घट्ट धरून बसले होते.

तिथून उठून मी मामांना एवढंच म्हणाले, "मी प्रयोग करून बघते."

"बगा," ते म्हणाले.

टाकीकडच्या वाफ्यातली दोन निरोगी रोपं घेतली. एका रोपावर त्याच पंपानं, तळाशी उरलं असेल नसेल ते खळबळून काढलेलं पाणी मारलं आणि त्याला जाळीखाली ठेवलं. दुसऱ्याला काहीच फवारलं नाही. ऑफिसातल्या कार्बन पेपरची बोटभर पट्टी कापून त्याच्या एका पानावर टाचणीनं अडकवली आणि ते रोप शेडच्या पत्र्यावर उघड्या उन्हात ठेवलं. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "बघतेय, साहेब." ते तसेच पुढे गेले. त्या आठवड्यात ते कुणाशीच फारसं बोलत नव्हते.

गुरुवारी भर दुपारी मामांनी कुंपणापलीकडून हाक मारली. "बाई, जरा भायेर येशीला काय? एक दावायचंय."

ते मला ओढ्याच्या वर, सड्यावर घेऊन गेले. सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं काळं कातळ, झाड म्हणून नावाला. तिथल्या खुरट्या झुडपांकडे मी आजवर कधी नीट बघितलं नव्हतं.

"ह्यो आपटा," ते म्हणाले. "सकाळी आलासा तर पान असं उगडं असतंय." त्यांनी दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडून दाखवले. "आनि आता?"

आपट्याची दोन्ही दळं एकमेकांकडे मिटलेली होती. प्रत्येक पानानं जणू हात जोडले होते. सूर्य डोक्यावर होता आणि पानाची फक्त कड त्याच्याकडे होती.

"ऊन लागलं की मिटतंय. दिस कलला की परत उगडतंय. आनि हे बगा." त्यांनी एक राखाडी, लवदार पानांचं झुडूप दाखवलं, हात फिरवला तर लोकरीसारखं लागलं. मग दुसरं, ज्याची पानं चिवट आणि तेल लावल्यासारखी चमकत होती. तिसऱ्यानं आपली पानं उभीच धरली होती, देठापासून वळवून. "लहानपनी गुरं राखताना आमी ह्यास्नी हसायचो. म्हनायचो, झाडं बी उन्हाला लाजत्यात. हितलं एक बी झाड ऊन सरळ अंगावर घेत न्हाई, बाई. ज्येनं त्येनं आपापली युक्ती काढलीया."

"आणि कोवळी पानं लाल असतात ती?"

"त्येंचं मला ठावं न्हाई. पर कुसुंब बघा, करंबळ बघा, कोवळं हाय तवर तांबडं. बाळाला टोपडं घालत्यात तसं असंल."

शुक्रवारी मी एस.टी.नं आजऱ्याला गेले आणि बूथवरून कोल्हापूरला कॉलेजातल्या माझ्या कदम मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हसल्या.

"विनया, एक आलेख होता बघ तुम्हाला. आडव्या रेषेवर प्रकाश, उभ्या रेषेवर अन्ननिर्मिती. रेष वर चढते, मग सपाट होते, आणि मग?"

मला आठवेना.

"मग खाली वळते. ते पान तू ऑप्शनला टाकलं असशील." त्या पुढे सांगत गेल्या आणि मी बूथच्या मळकट भिंतीवर पेन्सिलनं लिहीत गेले. पान काही नुसतं तोंड उघडून बसलेलं नसतं. त्याला पचेल त्याहून जास्त ऊन आलं तर ते आतल्या आत जाळपोळ करायला लागतं, हिरवा रंगच खाऊन टाकतं. म्हणून उन्हातल्या पानात पिवळ्या रंगाची काही द्रव्यं असतात. जास्तीचं ऊन ती अन्न करायच्या आधीच उष्णता करून बाहेर सोडून देतात, सांडव्यातून धरणाचं पाणी सोडावं तसं. लाल पालवीतला तांबडा रंग तर वरच्या वर ऊन गाळतो. पण सावलीत वाढलेल्या पुऱ्या पानाला यातलं काही पुरेसं बनवायची वेळच आलेली नसते. त्याला एकदम उन्हात काढलं तर ते उघडंच पडतं.

"पहाटे थंडी होती का गं?"

"खूप. बोटं आखडत होती."

"मग आणखी वाईट. थंडीत पानाचं काम मंदावतं, आणि वर ऊन कडक. कोण म्हणालीस तू जाळी काढली ते?"

मी नाव सांगितलं नव्हतं. "आमच्याकडचंच एक माणूस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी पत्र्यावरून रोप खाली काढलं. टाचणी उपटली, कार्बनची पट्टी उचलली. पट्टीखालचा पानाचा पट्टा हिरवा होता. बाकीचं पान फिकट, पांढुरकं. फवारलेलं, जाळीखालचं रोप होतं तसं ताजं होतं. यापेक्षा स्वच्छ उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळालं नसतं, आणि मला ते अजिबात नको होतं. खरं तर मला ते बुधवारीच मिळालं होतं. पुढचे तीन दिवस मी प्रयोगाच्या आड लपले होते.

रविवार एका रात्रीवर आला होता. देवळात मामांचं नाव निघालं की काय होईल हे गावात कुणालाही सांगावं लागत नव्हतं. भावकाईच्या झाडाचा वंश ज्याच्या हातून जळला, त्याच्या हातचा दिवा तिला कसा चालेल? काम जाणं ही त्यातली लहान गोष्ट होती.

साहेब ऑफिसच्या पायरीवर बसून चहा घेत होते. मी दोन्ही रोपं त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. छाप, उत्तर दिशा, कार्बनची पट्टी. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधेमधे पान हातात घेऊन बघत होते. त्यांचा चेहरा उजळायला लागला होता.

"म्हणजे रवळूचा पंप नव्हे," ते म्हणाले. "ऊन. पण जाळी तर होती."

"चार दिवस नव्हती, साहेब."

"कुणी काढली?"

"मी."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी जाळीला हात लावू नको म्हणालो होतो."

"हो."

"का, ते सांगितलं नव्हतं."

"नाही."

"मलाही नीट माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आमच्या एका फॉरेस्ट गार्डनं शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं. जाळी एकदम काढायची नाही एवढंच." मग त्यांनी कपातला उरलेला चहा पायरीखाली ओतला. "उद्या देवळात हे तू सांगायचंस. मी सांगणार नाही. आणि तुझं झालं की मला बोलायचंय."

देवळाच्या अंगणात दीडेकशे माणसं होती. मामा मागे, खांबाला टेकून उभे. मी काय बोलले ते मला आता शब्दाशब्दानं आठवत नाही. जाळी मी काढली, कुणालाही न विचारता काढली, रवळूमामांचा त्यात काही दोष नाही, एवढं सांगितलं हे आठवतं. मी खाली बसल्यावर साहेब उठले. सगळ्यांसमोर मामांकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. "रवळू, मी चौकशी न करता तुला बाहेर काढलं. चूक झाली." रेंजरला हात जोडताना त्या गावानं पहिल्यांदाच बघितलं असावं. मामा इतके अवघडले की त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

कुणीतरी म्हणालं, ह्या बाईला इथं ठेवूच नका. दोघातिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात पुढे बसलेल्या सत्यव्वा नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी, ज्यांनी आपल्या ओच्यातून सर्वांत जास्त बी आणलं होतं, मला विचारलं, "ती पांढरी झालेली मरायचीत काय गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "शेंडे जिवंत आहेत. खालची पानं गळली तरी वरनं फुटतील असं वाटतं."

"वाटतंय न्हवं? मग जगवून दे आनि जा. मोडलेलं टाकून कुटं जातीस?"

तोच निर्णय ठरला.

त्यानंतरचे चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत कामाचे. एकशे नव्वदांपैकी त्रेचाळीस मेली. उरलेल्यांनी मार्चमध्ये लाल पालवी धरली. मग आम्ही त्यांना ऊन शिकवलं. पहिले काही दिवस फक्त सकाळचं एक तास कोवळं ऊन. नंतर दोन तास. मग जाळीचा एक पदर कायमचा कमी. मे महिन्यात दुपारच्या उन्हातही ती उभी राहायला लागली. नवी पानं आधीच्यापेक्षा लहान, जाड आणि जरा पिवळसर झाली होती, आणि मामा त्यांच्यावरून हात फिरवून म्हणायचे, "ही आता शेतकऱ्याची पोरं झाली." साहेब रोज वहीत तास लिहायचे, आणि काही नवीन करायचं असलं की "का" ते मला समजावून सांगायचे. ती सवय त्यांनी शेवटपर्यंत ठेवली. जूनमध्ये मला सोलापूरच्या एका शाळेत नोकरी लागत होती. मी कळवून टाकलं की येत नाही.

आषाढात राईत लावणी झाली. जुन्या झाडाचं खोड आडवं पडलं होतं, त्याच्या भोवती खड्डे काढले होते. गाव दोन-दोन, तीन-तीनच्या गटानं कामाला लागलं होतं. मी आणि मामा एका बाजूला होतो. मी पिशवी फाडून रोप द्यायची, ते लावून माती दाबायचे. पाच-सहा खड्डे तसे भरले. मग माझ्या मनात चार महिने घोळत असलेला प्रश्न मी विचारला.

"मामा, त्या वेळी तुम्हाला माझा संशय आला नव्हता?"

ते माती दाबत राहिले.

"जाळी उगडी बघितली हुती मी."

"कधी?"

"लग्नाच्या आदल्या दिशी. शेडमधलं आमचं घंगाळ न्यायला नेसरीसनं आलतो. तुमी पोस्टात गेलतासा. पूर्वेकडची जाळी गुंडाळून वर बांधलेली."

"मग साहेब तुम्हाला तीन-तीनदा विचारत होते, तेव्हा का नाही बोललात? मी तिथंच उभी होते."

"काय बोलनार? उन्हानं असं हुतंय हे मला तरी कुटं ठावं हुतं? मी निस्ती जाळी बघितली हुती. सायबांनी निस्ता पंप बघितला हुता. त्येनी पंपावरनं मला धरलं. मी जाळीवरनं तुमाला धरायचं. मग त्येंच्यात आनि माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

मी पुढच्या रोपाची पिशवी हातात घेतली.

"तुमी शोधाय लागलासा तवा म्हनलं, बगू या काय निगतंय. माझंच निगालं असतं तर?" ते हसले. "म्हशीपाशी बसून मी बी त्योच इचार करत हुतो. खरंच धुतलाता काय मी पंप तीनदा, का दोनदाच?"

खड्डा भरला होता. त्यांनी तळव्यानं माती थापटली, गुडघ्यावर हात ठेवून पुढच्या खड्ड्यापाशी सरकले आणि माझ्यापुढे हात केला.

"द्या पुढचं."